दृष्टीचा कोहळा

दुपारी जेवून आडवं झालं की आमच्या खोलीच्या छतावर हिरवट उजेड हलायला लागतो. बाल्कनीच्या जाळीवर पानांची दाटी आहे, तिच्यातून गाळलेलं ऊन आत येतं. अर्धवट झोपेत मला वाटतं, आपण विहिरीत पाठीवर तरंगतो आहोत आणि काठावर बसून कोणीतरी गहू निवडतं आहे. ताटलीत खडा पडल्याचा बारीक आवाज येतो. ते कोणीतरी म्हणजे माझी बायको, आणि काठ म्हणजे आमची पहिल्या मजल्यावरची बाल्कनी. एवढं साधं दृश्य दिसावं म्हणून मी अख्ख्या बिल्डिंगशी वैर घेतलं. ते आठवलं की झोप मोडते.

मी सायखेड्याचा. नाशकात आलो तेव्हा द्वारकेच्या चौकात एका गॅरेजात ग्रीसचे हात पुसत उभा असायचो. पुढं तिथंच जुन्या पिकअपचे आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायला लागलो, मग अख्ख्या गाड्या. मला कोणी हात धरून वर आणलं नाही, त्यामुळं कोणाचा हात झटकायला मला वेळ लागत नाही. सौद्यात माझी रीत एकच. समोरच्याला बोलू द्यायचं, त्याचं संपलं की उठायचं आणि चपला घालायला लागायचं. दुसरा पाय चपलेत जायच्या आत भाव उतरतो.

ही रीत फक्त बायकोपुढं चालली नाही. मी शहरात धंदा करत होतो तेव्हा ती सायखेड्याला शेत सांभाळत होती. मुलं मार्गी लागली, गुडघे बोलायला लागले, तेव्हा म्हटलं, आता चल. ती म्हणाली, "येते. पन मला बसायला उघडी जागा पायजे. बसल्या जागी माती दिसली पायजे." मी म्हटलं, शहरात माती म्हणजे चैन आहे. ती म्हणाली, "मंग ऱ्हाते मी हितंच." आणि तिनं पाठ फिरवून भाकरी थापायला घेतली. मी पाथर्डी फाट्याच्या बाजूला हा फ्लॅट घेतला तो या बाल्कनीसाठी. मागं मोकळी जागा, तिच्यात एक कडुनिंब, आणि पलीकडं पांडवलेण्याचा डोंगर. सकाळी धुकं असलं की डोंगर जागेवर नसतो. मग हळूहळू कोणीतरी आणून ठेवल्यासारखा परत येतो. ती चहाची बशी घेऊन ते बघत बसायची. मी माझा शब्द पाळला होता.

मग आम्ही भाचीच्या लग्नाला कळवणला गेलो. परत आलो तर बाल्कनीच्या बरोबर खाली विटांचे दोन हौद उभे. भोकाभोकांच्या भिंती, वर पत्र्याचं तिरकं छप्पर. सगळ्या बिल्डिंगचा ओला कचरा आता त्यात जाणार होता, त्याचं खत होणार होतं. सुका कचरा तेवढा घंटागाडीत. आम्ही नसताना मीटिंग झाली होती.

मी तसाच, बॅगा दारात टाकून, दुसऱ्या मजल्यावर सेक्रेटरीकडं गेलो. हा माणूस ऑफिसातून आल्यावर सोसायटीचं काम इस्त्रीचा शर्ट घालून करतो.

"शेठ, तुमच्या बाजूला सावली असते," तो म्हणाला. "खताला सावली लागते. आणि सर्वानुमते ठरलं."

"सर्वानुमते? मी कुठं होतो?"

"तुम्ही गैरहजर होता. म्हणजे तुमचा विरोध नव्हता."

हे वाक्य माझ्या छातीत अजून काट्यासारखं आहे. द्वारकेला मी मोडक्या गाडीचा सौदा करतानासुद्धा तिच्या मालकाला विचारतो. माझ्या बाल्कनीचा सौदा मला न विचारता झाला होता.

पहिले काही महिने वास येत होता. आंबलेल्या भाताचा, पपईच्या सालीचा. बारीक चिलटं जाळीतून आत येत आणि चहाच्या बशीवर बसत. बायकोनं एक दिवस बाल्कनीचं काचेचं दार सरकवून बंद केलं आणि ते बंदच राहिलं. ती आतल्या खुर्चीवर बसायला लागली, टीव्हीकडं तोंड करून, बहुतेकदा टीव्ही न लावता. बोलली असती तर भांडण तरी झालं असतं.

सेक्रेटरीचा मात्र उत्साह ओसंडत होता. रविवारी तो हौदापाशी उभा राहून सगळ्यांना धडे द्यायचा. हिरव्या बादलीत काय, निळ्या बादलीत काय, वर कोरडा पाला कसा पसरायचा, ताक आणि गुळाचं पाणी कधी शिंपडायचं. "दोरा नको, कापड नको, निर्माल्य नको. देवाधर्माचं काहीही या हौदात येता कामा नये," हे तो दर रविवारी बोट वर करून सांगायचा. मी काचेआडून ऐकायचो आणि दात चावायचो.

पावसाळ्यात एका सकाळी बायको काचेला नाक लावून उभी दिसली.

"काय बघते?"

"काय नाय. हौदाच्या फटीतून काहीतरी उगवलंय. दोन पानांचं."

"उगवू दे. हौदच काढायला लावतो आता. बघच तू."

कारण तोवर माझ्या हातात हुकमाचा पत्ता आला होता. बिल्डिंगला गच्चीवर सौर पॅनेल बसवायची होती आणि तिथून खालच्या मीटरच्या खोलीत जाणारी तार माझ्याच भिंतीवरून उतरणार होती. माझ्या होकाराशिवाय ती उतरली नसती. सेक्रेटरीनं घरी बोलावलं, मी ऐकून घेतलं, आधी हौद हलवा म्हटलं, उठलो, चपला घालायला लागलो. दुसरा पाय चपलेत जायच्या आत तो म्हणाला, "बरं, दसरा झाला की हौद हलवू. गवंड्याशी बोलतो." मी घरात येऊन बायकोला सांगितलं. ती फक्त हं म्हणाली. तिचं लक्ष काचेबाहेर होतं.

त्या दिवसांत वेल झोपेत चालत सुटल्यासारखा वाढत होता. संध्याकाळी बघावं तर छपराच्या कडेला, सकाळी बघावं तर पाइपावर. त्याचे तणावे हवेत आंधळ्यासारखे चाचपडायचे आणि एकदा काही सापडलं की स्प्रिंगसारखे गुंडाळून बसायचे. मला दुपारी स्वप्नं पडायची. द्वारकेच्या चौकात सगळी वाहनं थांबली आहेत आणि एक हिरवी दोरी त्यांच्यामधून, सावकाश, कोणालाही न विचारता पलीकडं चालली आहे. हॉर्न नाही, धूर नाही. जागा झालो की तोंडात घरच्या विहिरीच्या पाण्याची चव असायची.

श्रावणात वेल आमच्या जाळीला लागला. पिवळी फुलं आली, तळहाताएवढी. ती यायची आणि गळून पडायची. एका पहाटे मला आवाज आला. काचेचं दार सरकल्याचा. किती महिन्यांनी तो आवाज ऐकला होता. उठून बघतो तर बायको बाल्कनीत, गुडघ्यावर हात टेकून, एका फुलाच्या पाकळ्या सोलून त्याची दांडी दुसऱ्या फुलात अलगद फिरवत होती.

"काय करतेस?"

"हळू बोला. हितं पहिल्या मजल्यावर मधमाशी येत नाय. आपनच करायचं आसतं." तिनं त्या फुलाला फुंकर घातली, जशी लेकराच्या डोळ्यात गेलेल्या कचऱ्याला घालतात. "वास गेला बघा."

खरंच गेला होता. मी इतके दिवस रागानं नाक बंद करून जगत होतो, मला कळलं नव्हतं. खालून येत होता तो मातीचा वास होता. ओल्या, उबदार, पिकलेल्या मातीचा. हौदाच्या भोकांतून सकाळच्या गारव्यात वाफ निघत होती, आणि वाफेपलीकडं डोंगर जागेवर नव्हता. ती रिकाम्या खुर्चीवर बसली. मी चहा केला. खाली आमच्या बिल्डिंगच्या भाज्यांची देठं, सालं, शिळ्या पोळ्या, आमच्या सगळ्यांची उष्टी-खरकटी हळूहळू काळी होत होती.

तेव्हाच मला समजायला हवं होतं की दसऱ्यानंतरचा सौदा माझ्याच अंगावर येणार आहे. पण मी खूश होतो. दार उघडलं होतं.

फळ धरलं, दांडीला लोंबायला लागलं. हिरवं, अंगभर पांढरी लव. नवरात्रात सेक्रेटरीची बायको वरच्या बाल्कनीतून कपडे वाळत घालता घालता ओरडली, "अगं बाई! काकू, हा तर कोहळा आहे!"

"हाय ना," माझी बायको कौतुकानं म्हणाली.

"अहो, हौदात कोहळा येईल कुठून? आपल्याकडे कोहळा कोण खातं? हा कोणाच्या तरी दारावरचा आहे!"

दारावरचा कोहळा म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत होतं. नव्या घराच्या चौकटीवर लाल कापडात बांधतात, घराला येणारी वाईट नजर तो आपल्या अंगावर घेतो. घेऊन घेऊन सडतो. मग उतरवायचा आणि वाहत्या पाण्यात सोडायचा, मागं वळून न बघता. कोणीतरी गंगेपर्यंत, म्हणजे आमच्या गोदावरीपर्यंत, जायचा कंटाळा केला होता आणि अंधार पडल्यावर तो आमच्या हौदात लोटला होता.

"काकू, साऱ्या घराची इडापिडा चढलीय हो तुमच्याकडे! तोडून टाका आजच्या आज."

बायको आत आली. तिनं दार सरकवलं. मी तिला हर तऱ्हेनं सांगून पाहिलं, बी ते बी, त्याला कोणाची नजर आणि कोणाचं काय. ती म्हणाली, "तुमचा शब्द यापाऱ्याचा. तुम्हाला आज एक खरं, उद्या दुसरं." मग काचेकडं बघत म्हणाली, "फळ धरलेला वेल कापवत बी नाय हो." आणि टीव्हीकडं तोंड करून बसली.

मी आयुष्यात गाड्या घेतल्या, विकल्या, दुकान घेतलं, फ्लॅट घेतला. एका सरकत्या काचेला कोणत्या भावानं उघडायला लावायचं हे मला कळेना. पानांचा हिरवा उजेड आता बंद काचेवर यायचा आणि तिथंच थांबायचा.

संध्याकाळी मी काठी घेऊन हौदापाशी गेलो. वेलाच्या बुडाशी उकरलं. खताला चिकटून एक चिंधी निघाली, लाल, काठाला कुजलेली जर. मी ती धुऊन खिशात ठेवली. तसला जरीकाठ मी बिल्डिंगमध्ये एकाच दारावर पाहिला होता, दुसऱ्या मजल्यावर, इस्त्रीच्या शर्टांच्या घरी.

मग मी गुरुजींना गाठलं. गुरुजी तिसऱ्या मजल्यावर राहतात, सकाळी स्कूटरवरून गंगेवर जातात, यात्रेकरूंची कामं करतात. ते स्कूटर पुसत होते.

"गुरुजी, दृष्टीच्या कोहळ्याला शास्त्र काय म्हणतं?"

"शास्त्रात खतहौद नाही, शेठ."

"मग तुम्ही काय म्हणता?"

गुरुजींनी आरशावरची धूळ पुसली. "पाण्यात कशासाठी सोडतात? मातीला मिळावा म्हणून. हा थेट मातीला मिळाला. आणि दृष्ट असलीच तर ज्याच्या दारची त्याची. दुसऱ्याच्या बाल्कनीत ती भाड्यानं राहत नाही."

"हे मीटिंगमध्ये मोठ्यानं सांगाल?"

"मोठ्यानं का?"

"वर काचेआड एक माणूस बसलेलं असतं. त्याला ऐकू जायला हवं."

गुरुजींनी माझ्याकडं नीट पाहिलं. मग म्हणाले, "घसा मोकळा लागेल. आलं घालून चहा पाठवा."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मीटिंग भरली ती हौदापाशीच, कडुनिंबाखाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, वर आमची बंद बाल्कनी, आणि जाळीतून लोंबणारा कोहळा. ऊन उतरलेलं होतं, पानं हलत नव्हती. सगळं पाण्याखाली असल्यासारखं वाटत होतं. सेक्रेटरी उभा राहिला. म्हणाला, उद्या गवंडी येईल, शेठच्या मागणीप्रमाणे हौद हलेल, आणि वेलाचा प्रश्नही त्याबरोबर सुटेल.

"कापायचाच तो," त्याची बायको म्हणाली. "घरात लहान लेकरं आहेत सगळ्यांच्या."

मी बसूनच म्हणालो, "कापा ना. मी नाही कुठं म्हणतो? फक्त ज्यानं कापायचा त्याचं काय होतं, ते गुरुजींना विचारा."

गुरुजींनी घसा साफ केला. गंगेवर गर्दीत मंत्र म्हणायचा त्यांचा आवाज आहे, तो त्यांनी लावला. "दृष्ट ज्याच्या दारची त्याची! दुसऱ्याला ती लागत नाही. काढायचा तर त्यानंच काढावा. दुसऱ्यानं हात लावायचं कारण नाही आणि दुसऱ्यानं भ्यायचंही कारण नाही!"

"मग झालं," मी म्हणालो. "ज्याच्या दारावरचा कोहळा हौदात आला, त्यानं पुढं यावं. कोयता मी देतो."

लोक एकमेकांच्या चपलांकडं बघायला लागले. मी खिशातून लाल चिंधी काढली आणि नुसती गुडघ्यावर पसरून सुरकुत्या काढत बसलो. सेक्रेटरीची नजर तिच्यावर पडली आणि तिथंच राहिली.

त्याची बायको म्हणाली, "आमचा तर नाहीच बाई. ह्यांनी आमचा रामकुंडाच्या पुढे जाऊन सोडला. हो ना हो?"

"हो... म्हणजे, तसा..." तो म्हणाला. मग एकदम माझ्याकडं वळला. "शेठ, वेल राहू दे. फळाला कशाला हात लावायचा?"

मी चिंधीची घडी घातली आणि खिशात ठेवली. हातातला माल सगळा दाखवायचा नसतो.

"आणि हौद?" त्यानं विचारलं. आवाज खाली आला होता. "वेल राहिला तर हौद कसा हलवणार? पण हलवायला तुम्हीच सांगितलंत."

आता हे मीच म्हणायचं, की राहू द्या. ज्या हौदासाठी मी वर्षभर दात चावले त्याच्यासाठी. मी म्हणालो, "बांधताना मला विचारलं नव्हतं. तर आता विचारून घ्या."

तो घाईत होता. माझ्या तोंडाला लागण्यापेक्षा त्याला दुसरं काहीही चाललं असतं. त्यानं मान वर केली आणि हाक मारली, "काकू! ओ काकू! हौद इथंच राहू दे का?"

वर काही हललं नाही. मला वाटलं, संपलं. मग दार सरकल्याचा आवाज आला. पानं बाजूला झाली आणि त्यांच्यामधून तिचा चेहरा दिसला, शेतात पाखरं हाकायला माळ्यावर उभी राहायची तसा. गुरुजींचं सगळं ऐकलेलं तिच्या तोंडावर दिसत होतं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पन वर धड झाकण करा. हप्त्याला वर-खाली करा, नुसतं भाषण करू नका. मासळीचं काय टाकाल तर मी हितून बघते. आन पयलं खत ह्या निंबाला, मंग माझ्या वेलाला, मंग तुमच्या कुंड्यांना."

"काकू, खत सगळ्यांचं सारखंच असतं. वाटप कमिटी ठरवेल."

तिनं काचेच्या दाराला हात लावला. "मंग लावते दार. न्या तुमचा हौद तुमच्या खिडकीखाली."

दार अर्ध्यापर्यंत सरकलं असेल. "ठीक आहे, ठीक आहे! आधी निंब, मग वेल!" सेक्रेटरी दोन्ही हात वर करून म्हणाला.

मी बघतच राहिलो. दुसरा पाय चपलेत जायच्या आत. हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं. मग आठवलं, पाठ फिरवून भाकरी थापायला बसली होती ती, तेव्हाच मी फ्लॅट घेतला होता.

गुरुजी उठता उठता माझ्या कानाशी म्हणाले, "आल्याचा चहा देऊन कोहळा काढलात, शेठ." मला हसू आलं, पण मी ते सेक्रेटरीला दिसू दिलं नाही.

दिवाळीनंतर कोहळ्यावर पिकल्याची पांढरी राख चढली, तेव्हा तिनं स्वतः दांडी कापली. किसून, मिरची-जिरं लावून गच्चीवर सांडगे घातले. नवी पॅनेल आणि सांडग्यांची ताटं एकाच उन्हात शेजारी शेजारी पडलेली असायची. तळून सगळ्यांच्या घरी पाठवले. दुसऱ्या मजल्यावरून डबा परत आला, आत साखर. कशाचे आहेत ते तिथं कोणी विचारलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही. लाल चिंधी अजून माझ्या कपाटात आहे.

यंदा बी तिनं स्वतः लावलं. आत्ता छतावर हलतो आहे तो यंदाचा उजेड. मी पडल्या पडल्या म्हणतो, "सेक्रेटरीनं तुला विचारलं. गुरुजींना मी विचारलं. मला मात्र अजून कोणी विचारलेलं नाही."

बाहेर खडा ताटलीत पडतो.

"काय विचारायचं व्हतं तुम्हाला?"

मी उत्तर जुळवायला लागतो. चांगलं खरमरीत उत्तर आहे, वर्षभर घोळवलेलं. पण खालून उबदार मातीचा वास येतो, विहिरीचं पाणी कानापर्यंत चढतं, आणि काठावर ती आहे एवढं दिसतं आहे तोवर मी डोळे मिटून घेतो. उठलो की सांगतो.